किलोंच्या काट्यावर प्रभावळकर

मराठीत वेष बदलणारे नट पुष्कळ झाले, पण स्वतःला मुळापासून बदलणारा मोठा नायक एकही झाला नाही, असं एक विधान सध्या आमच्या घाटकोपरात ऐकू येतंय. ते करणारा माझा एक तरुण मित्र आहे. पंतनगरात राहतो, सिनेमा मनापासून बघतो, डी नीरोपासून ख्रिश्चन बेलपर्यंत सगळ्यांच्या कारकिर्दी त्याला सनावळीसकट पाठ आहेत. आणि आपल्या म्हणण्याला पुरावा म्हणून तो नेमकं दिलीप प्रभावळकरांचं नाव पुढे करतो. तो उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही, त्यानं विचार केलेला असतो. म्हणूनच त्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊन भागणार नाही.

म्हणणं असं. प्रभावळकर उत्तम नट आहेत, वादच नाही. पण त्यांचं वैविध्य रंगपेटीतलं. विग लावला, दात बसवले, चष्मा चढवला की माणूस वेगळा. हॉलिवूडचा नट शरीर बदलतो, एका भूमिकेला दोन-दोन वर्षं देतो, लोकांच्या मनातली आपली प्रतिमा पणाला लावतो. आपल्याकडे शनिवारी-रविवारी दौऱ्याचे प्रयोग आणि सोमवारी मालिकेचं चित्रीकरण. त्या धावपळीत कसलं आलंय रूपांतर? आणि वर शेवटचा टोला : प्रभावळकर नायक कधी नव्हतेच. चरित्र अभिनेता म्हणून त्यांना हवं तेवढं थोर म्हणा, नायकांच्या पंगतीत पाट मांडू नका.

आधी त्याचं जे खरं आहे ते मान्य करू. ‘रेजिंग बुल’साठी (1980) रॉबर्ट डी नीरोनं सुमारे 27 किलो वजन वाढवलं आणि त्यासाठी चित्रीकरण काही महिने थांबवून ठेवलं गेलं. ‘द मशिनिस्ट’साठी (2004) बेलनं 25 किलोंहून जास्त वजन उतरवलं आणि लगेच पुढच्या वर्षी बॅटमॅन होऊन उभा राहिला. ‘माय लेफ्ट फूट’च्या वेळी डॅनियल डे-लुईस चित्रीकरण नसतानाही चाकांच्या खुर्चीतून उतरत नसे, सेटवरच्या लोकांना त्याला भरवावं लागे. हे सगळं खरं आणि थक्क करणारं आहे. माझी तक्रार त्या नटांबद्दल नाही. या तीन-चार गोष्टी म्हणजेच अभिनय, अशी जी समजूत त्यातून आपल्याकडे रुजली आहे, तिच्याबद्दल आहे.

कारण मित्र ज्याला हॉलिवूड म्हणतो ते हॉलिवूडचं एक दालन आहे. त्याच हॉलिवूडनं स्पेन्सर ट्रेसीला सलग दोन वर्षं सर्वोत्तम अभिनेत्याचं ऑस्कर दिलं आणि पुढची तीस वर्षं आदर्श म्हणून मिरवलं. ट्रेसी रंग लावायचाही कंटाळा करणारा नट. नव्या काळात यायचं तर ‘द फादर’मध्ये अँथनी हॉपकिन्स ऐंशी उलटल्यावर आपलाच चेहरा, आपलंच वजन आणि चक्क आपलंच नाव घेऊन एका सदनिकेत वावरतो; पात्राचं नावही अँथनीच आहे. सर्वोत्तम अभिनेत्याचं ऑस्कर त्या कामाला मिळालं. तिथे कोणी वजनकाटा आणला नाही. उलट बाजूनं पाहा. ‘डार्केस्ट अवर’मध्ये (2017) गॅरी ओल्डमनला चर्चिल करण्यासाठी काझुहिरो त्सुजी या रंगभूषाकारानं गाल, हनुवटी, मान सगळं नव्यानं घडवलं. त्या वर्षी रंगभूषेलाही ऑस्कर मिळालं आणि अभिनयालाही. ओल्डमनचा अभिनय म्हणजे नुसती रंगभूषा, असं माझ्या मित्राच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. तिकडे सिलिकॉन लावलं की ती साधना, आणि इकडे शिवाजी मंदिरच्या रंगपटात विग लावला की ते वेषांतर. हा न्याय कुठला?

बरं, रंगपेटी काढूनच टाकू. चेहराच नको. ‘झपाटलेला’ (1993) घ्या. महेश कोठाऱ्यांचा हा चित्रपट अमेरिकेतल्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून सुचलेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला तात्या विंचू सुरुवातीची काही मिनिटं हाडामांसाचा प्रभावळकर असतो आणि मग बाहुला होतो. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज प्रभावळकरांचा. म्हणजे विग नाही, दात नाहीत, चष्मा नाही, नजर नाही, चालणं नाही. नटाची सगळी शस्त्रं काढून घेतली आणि फक्त गळा ठेवला. तेवढ्यावर हा माणूस दोन पिढ्यांना घाबरवून बसला आहे. माझ्या इमारतीतली गुजराती मुलं मराठी चित्रपट बघत नाहीत, त्यांना प्रभावळकर हे नावही माहीत नसेल. पण जत्रेत बोलका बाहुला दिसला की ती ‘तात्या विंचू’ म्हणून ओरडतात. रंगभूषेचा महिमा म्हणायचा तर तो बाहुल्याच्या लाकडाला लागू पडतो, नटाला नाही. त्या आवाजात खर्ज आहे, कोल्हापूर-मुंबईच्या मधला कुठला तरी गुंड आहे आणि मधूनच एक लाडिक लय आहे. तीच खरी भीती घालते.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि ज्याच्याकडे मित्राचं, खरं तर बऱ्याच समीक्षकांचंही, लक्ष गेलेलं नाही, ते सांगतो. जयवंत दळवींचं ‘नातीगोती’ हे नाटक ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचं. मतिमंद मुलाचे आईवडील, मुलाचं वय वाढतंय, शरीर वाढतंय, बुद्धी तिथेच. मुलगा बच्चू करायचे अतुल परचुरे आणि वडील काटदरे, प्रभावळकर. चाकरमानी, सभ्य, दमलेला बाप. या नाटकानंतर थोड्याच काळात 1991 साली संजय सूरकरांचा ‘चौकट राजा’ आला आणि त्यात प्रभावळकर स्वतः तो मुलगा झाले : लहानपणी झाडावरून पडून मेंदूला इजा झालेला, अंगानं मोठा झालेला नंदू.

हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. काटदऱ्यांचं सगळं काम बघण्याचं होतं. मुलगा काय करेल, कधी बिथरेल, शेजारी काय म्हणतील, याच्यावर सतत एक डोळा ठेवून जगणारा माणूस. बायकोशी बोलतानाही त्याचं अर्धं लक्ष आतल्या खोलीकडे. म्हणजे नटाचं अवधान पसरलेलं, ताणलेलं. नंदूत नेमकं उलटं. नंदूचं अवधान एका वेळी एकाच गोष्टीवर असतं आणि ते पुरतं असतं. त्याला त्याची बालमैत्रीण मुन्नी दिसली की जगात दुसरं कोणी नाही. त्याच्या बोलण्यातलं अडखळणं किंवा कलती मान यांची नक्कल कुठल्याही स्नेहसंमेलनात कोणीही करतो, आणि आमच्या इकडच्या गणेशोत्सवात ती वर्षानुवर्षं झालीही आहे. ती नक्कल फसते, कारण नक्कल करणाऱ्याचा एक डोळा प्रेक्षकांकडे असतो. नंदूचा तो डोळाच नाही. जो नट वर्षभर बापाच्या बाजूनं त्या मुलाकडे पाहत होता, त्यानं जागा बदलली आणि पाहणंच सोडून दिलं. 27 किलो चढवून हे साधत नाही, आणि उतरवूनही नाही.

इथे मित्र म्हणतो, “पण हे सगळं ‘रेन मॅन’वरून!” तारखा त्याच्या बाजूनं आहेत, डस्टिन हॉफमनचा ‘रेन मॅन’ 1988 चा. पण दोन्ही चित्रपट त्यानं एका बैठकीत बघावेत. हॉफमनचा रेमंड जगापासून एक काच मध्ये घालून बसलेला आहे. कोणी हात लावलेला त्याला चालत नाही, आणि चित्रपटाची सगळी ओढ ही की काच कधी तडकते. नंदूला काचच नाही. तो सगळ्यांना जाऊन बिलगतो आणि पंचाईत त्यामुळेच होते, कारण मुन्नी आता मीनल झालेली आहे, लग्न झालेली, संसारी. एकाचं दुखणं जवळ न येण्याचं, दुसऱ्याचं फार जवळ येण्याचं. आजार एकसारखा दिसला म्हणून भूमिका एक झाली, असं म्हणणारा माणूस नुसती चालण्याची ढब पाहतो.

‘हसवाफसवी’बद्दल लिहायचं तर हात आखडता घेता येत नाही. प्रभावळकरांनी स्वतः लिहिलेलं आणि त्यातल्या सहा भूमिका स्वतः केलेलं हे नाटक. मित्रानं ते रंगमंचावर पाहिलेलं नाही, त्याच्या वयाला शक्यच नव्हतं. मी मुलुंडच्या कालिदासला पाहिलं. घाटकोपरच्या मराठी माणसाचं नाट्यगृह तेच. आमच्याकडे पूर्वेला झवेरबेन पोपटलाल सभागृह आहे, पण तिथे राज्य गुजराती रंगभूमीचं. मराठी नाटक पाहायचं तर धीमी गाडी पकडून विक्रोळी, कांजूर, भांडुप, नाहूर करत मुलुंड गाठायचं.

तर सहा माणसं. त्यात एक बाई आहे, आणि शेवटी येतात ते कृष्णराव हेरंबकर, संगीत नाटकांच्या जमान्यातले वृद्ध गायक नट. एक पात्र आत जातं आणि बाकीची मंडळी रंगमंच सांभाळून असतात तेवढ्या अवधीत दुसरं पात्र बाहेर येतं. मध्ये ना संकलक, ना दुसरा टेक, ना सहा महिन्यांची सुट्टी. पहिली दोन-तीन पात्रं होईपर्यंत प्रेक्षक गंमत म्हणून बघत असतो : बघू आता काय होऊन येतात. कपडे, केस, चाल यांना टाळ्या पडत असतात. मित्राचा आरोप इथपर्यंत कोणी केला असता तर मी फार भांडलो नसतो. पण कृष्णराव येतात आणि सभागृहाचा सूर पालटतो. ते वाकलेले आहेत, आवाज झिजला आहे, उभं राहायचं तर आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागते. आणि गाण्याचा विषय निघाला की त्या मोडक्या शरीरात कुठून तरी एक जुनी ऐट येते, मान नाटकातल्या राजासारखी वर होते, हात दाद द्यायला उचलला जातो आणि अर्ध्यावरच थरथरतो. त्या म्हाताऱ्याला आपण म्हातारे आहोत याचा क्षणभर विसर पडलेला असतो, आणि नटाला मात्र तो कधी पडला, कधी ओसरला, हे पक्कं ठाऊक असतं. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ मघापर्यंत खुर्चीवर हात आपटून हसत होते, ते रुमाल शोधायला लागले.

अॅलेक गिनेसनं ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये (1949) आठ भूमिका केल्या, पीटर सेलर्सनं ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’मध्ये (1964) तीन. चौथीही त्यानं करायची ठरली होती, ती सुटली. ही नावं मी मुद्दाम घेतोय, कारण जगभरच्या सिनेमाच्या इतिहासात ती आदरानं घेतली जातात आणि तिथे कोणी ‘नुसतं वेषांतर’ म्हणत नाही. पण दोघांनाही दोन भूमिकांच्या मध्ये रात्र होती, झोप होती. कालिदासच्या विंगेत काही मिनिटं होती. आणि हे एकदा करून ठेवायचं नव्हतं, पुढच्या प्रयोगाला पुन्हा सहाही माणसं शून्यापासून उभी करायची होती. शनिवार-रविवारच्या प्रयोगांना मित्र रूपांतराचा शत्रू समजतो. माझ्या मते रूपांतराची सर्वांत कडक परीक्षा तीच. सिनेमातलं रूपांतर एकदा साधलं की ते फिल्मवर कायमचं राहतं; नाटकातलं रोज रात्री मरतं आणि उद्या पुन्हा साधावं लागतं. गणपतराव बोडसांनी ‘मानापमाना’तला हास्यास्पद लक्ष्मीधर आणि ‘एकच प्याला’तला उद्ध्वस्त सुधाकर असे दोन टोकांचे पुरुष याच रीतीनं रंगभूमीवर सांभाळले. त्यांना गंधर्व नाटक मंडळीत कोणी चरित्र अभिनेता म्हटलं नाही.

मग गांधी. ‘लगे रहो मुन्नाभाई’ (2006) आणि ‘शेवरी’ या दोन चित्रपटांतल्या कामांसाठी प्रभावळकरांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून ‘टक्कल करून गोल चष्मा घातला की कोणीही गांधी होतो’ हे वाक्य मी निदान डझनभर लोकांच्या तोंडून ऐकलंय. बेन किंग्जलेचा गांधी (1982) निःसंशय मोठा. पण त्याच्या हाती सगळं आयुष्य होतं : दक्षिण आफ्रिकेतल्या त्या गाडीपासून बिर्ला भवनातल्या संध्याकाळपर्यंत. माणूस घडताना दाखवायला तीन तास होते. प्रभावळकरांच्या हाती गांधी नव्हतेच. होता तो मुन्नाच्या डोक्यात चार दिवस पुस्तकं वाचून तयार झालेला भास. पत्रकारांसमोरचा तो प्रसंग आठवा : मुन्नाला जे माहीत नाही ते या गांधींनाही माहीत नसतं. म्हणजे नटापुढचा पेच असा की दिसायचं साऱ्या देशाच्या ओळखीच्या महात्म्यासारखं आणि आतून असायचं एका दिलदार टपोरीच्या अकलेएवढं. जरा जास्त थोरपणा आला तर भास वाटत नाही, जरा कमी पडला तर टिंगल होते. प्रभावळकर त्या भूमिकेत बहुतेक वेळ काहीच करत नाहीत, नुसते ऐकत असतात, आणि त्या ऐकण्यात थोडीशी गंमत वाटून घेत असतात. मुन्नाला जसे गांधी हवे होते, तसेच. ज्याला हे काम सोपं वाटतं त्यानं चष्मा लावून आरशासमोर उभं राहावं, मुन्नाभाई दिसतो का ते बघावं.

राहता राहिला नायकपणाचा मुद्दा. इथे मित्राची मोजदाद बरोबर आहे, हिशेब चुकीच्या वहीत मांडलाय. मराठी चित्रपटांत प्रभावळकर मध्यवर्ती असलेले चित्रपट तुलनेनं थोडे, हे खरं. ज्या काळात ते चाळिशी-पन्नाशीत होते तो काळ ‘धुमधडाका’ (1985), ‘दे दणादण’ (1987), ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) यांचा. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, महेश कोठारे यांच्या जोरावर चित्रपटगृहं भरत होती, निर्माते दुसऱ्या कशाला हात लावायला तयार नव्हते. पण हॉलिवूडच्या नटाची वही सिनेमा असते, कारण तिथला मुख्य धंदाच तो. मराठी नटाची वही रविवारच्या वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान होतं. त्या पानावर कोणाच्या नावावर तिकीट विकलं जातं ते छापलेलं असे, चौकटीत, ठळक अक्षरांत. ‘हसवाफसवी’चं तिकीट कोणाच्या नावावर जात होतं? ‘वासूची सासू’मध्ये कोणाची बाई बघायला लोक जात होते? त्याआधी दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचा चिमणराव लागायचा, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ सोबतीला. त्या वेळी आमच्या चाळीत ज्या एका बिऱ्हाडात टीव्ही होता तिथे दारातून चपलांचा ढीग बाहेर यायचा. तो ढीग चिमणरावासाठी होता. नायक याहून वेगळा काय करतो?

आणि पसारा बघा. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त मुलांना घाबरवून हसवणारी चेटकीण आणि त्याच मतकरींच्या ‘आरण्यक’मधला युद्धानंतरचा विदुर, दोन्ही सत्तरच्या दशकात, दोन्ही याच माणसानं. चार दशकांहून अधिक काळानं ‘आरण्यक’ पुन्हा आलं तेव्हा विदुर पुन्हा प्रभावळकरच होते, धृतराष्ट्र पुन्हा रवी पटवर्धन. पहिल्या वेळी तरुण नटानं वार्धक्य उभं केलं होतं. दुसऱ्या वेळी वार्धक्य आपोआप आलेलं होतं आणि ते अभिनयाच्या आड येऊ द्यायचं नव्हतं. हॉलिवूडमध्ये हे झालं असतं तर त्यावर माहितीपट निघाला असता.

चित्रपटाच्या वहीतही शेवटचं पान अजून कोरं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’ आला. कोकणातला म्हातारा दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री, म्हणजे वेष घेणं हाच ज्याचा धर्म असा माणूस, आणि अख्खा चित्रपट त्याच्या खांद्यावर. प्रभावळकर तेव्हा 81 वर्षांचे होते. मित्र म्हणतो, एवढ्या उशिरा मिळालेलं नायकपण जमेस धरता येत नाही. का? हॉपकिन्सचं जमेस धरताना तर त्याचं वय कौतुकानं सांगितलं जातं.

मराठी चित्रपटांचा विषय निघालाच आहे तर मल्टिप्लेक्सचंही सांगून टाकतो. 2015 साली राज्य सरकारला मल्टिप्लेक्सवाल्यांना सांगावं लागलं की मराठी चित्रपटाला संध्याकाळचा खेळ द्या. त्यावर इंग्रजी वाहिन्यांवर किती आरडाओरडा झाला, आणि मग सहा ते नऊची वेळ कशी सैल करून दुपारी बारापासून मोजायचं ठरलं, हे घाटकोपरकर विसरलेले नाहीत. ज्या भाषेच्या चित्रपटाला संध्याकाळ मिळवायला मंत्र्याला मध्ये पडावं लागतं, त्या भाषेतल्या नटाचे नायकपट मोजून त्याची उंची ठरवणं मला पटत नाही.

पण हे वाक्य लिहिताच मला आमच्याच बाजूचे लोक दिसायला लागतात, आणि त्यांच्याशीही भांडण आहे. ते म्हणतात, बिचारे प्रभावळकर, नोकरी सांभाळून नाटक केलं, तिकडे जन्मले असते तर कुठल्या कुठे गेले असते. किंवा त्याहून वाईट : ‘मराठीतले डस्टिन हॉफमन’. ही दया आणि हे कौतुक मला मित्राच्या टीकेहून जास्त खटकतं. मित्र निदान काम बघून भांडतो. हे लोक काम न बघताच परदेशी शिक्का मारून मोकळे होतात. हॉफमनला कोणी ‘अमेरिकेतले प्रभावळकर’ म्हणत नाही आणि म्हणूही नये. परिस्थितीची सवलत देऊन मोठं करावं इतकं हे काम लहान नाही. कृष्णराव हेरंबकर चांगले आहेत ते गरिबीत केले म्हणून नाही.

मित्राला एक मुद्दा मात्र मी मोकळ्या मनानं देऊन टाकतो. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेतले आबा फार गाजले, आणि त्यानंतर आपल्या चित्रपटवाल्यांनी प्रभावळकरांना गोड आजोबा करून ठेवायचा सपाटाच लावला. शहाणपणाचे चार शब्द, डोळ्यांत मिश्कील चमक, शेवटी नातवाच्या पाठीवर हात. त्यातल्या कित्येक भूमिका लेखकानं लिहिलेल्याच नव्हत्या, नटाच्या पुण्याईवर सोडून दिल्या होत्या. प्रभावळकरांनीही त्या स्वीकारल्या, आणि काही ठिकाणी त्यांचंही लक्ष नव्हतं असं मला स्पष्ट वाटलं. ‘नारबाची वाडी’तला (2013) खट म्हातारा या ढिगातून वेगळा निघतो, कारण तिथे वाडीसाठी चिवटपणे अडून बसलेला माणूस लिहिलेला होता, आजोबा नव्हे.

पण याच टिपऱ्यांच्या जोरावर मित्राचा शेवटचा आरोप कोसळतो, तो प्रतिमा पणाला लावण्याचा. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ 2001 पासून घराघरांत होते. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वरची मालिका, केदार शिंदेंचं दिग्दर्शन. जेवणाच्या वेळी आबा येणार हे ठरलेलं. ‘रेजिंग बुल’मधला डी नीरोचा जेक लामोटा बघायला प्रेक्षक तिकीट काढून जातो आणि घरी परततो; आबा घरातच राहायला आलेले होते. आणि ते तिथे असतानाच, 2002 मध्ये, ‘एन्काउंटर : द किलिंग’मध्ये हा माणूस नसीरुद्दीन शाहांसमोर पुनप्पा नावाचा थंड डोक्याचा गुन्हेगार होऊन बसला. 2008 मध्ये ‘सरकार राज’चा रावसाब. गांधी होऊन पुरती दोन वर्षंही झालेली नव्हती. तीच किडकिडीत अंगकाठी, तोच मवाळ आवाज, विग नाही, दात नाहीत, वजनात काही बदल नाही, आणि तरी त्या मवाळपणातून काही तरी अशुभ झिरपत राहतं. ‘सरकार राज’ बघून आल्यावर आमच्या मजल्यावरच्या एक काकू जिन्यात थांबून माझ्याशी तणतणल्या होत्या, “आबांनी असलं काम घ्यायलाच नको होतं. आता त्यांच्याकडे बघवत नाही.” पुढे बरेच दिवस मालिकेचा जुना भाग लागला तरी त्या वाहिनी बदलायच्या. प्रतिमा पणाला लावणं म्हणतात ते याहून निराळं काय असतं, हे माझ्या मित्रानं आता काकूंना समजावून सांगावं.